बॉक्साइटचे गाव : ले बो

ॲल्युमिनिअमचे प्रमुख धातुक कोणते, असे विचारले की वर्गातून 'बॉक्साइट' हे उत्तर पटकन येते. पण 'हे नाव आले कुठून?' असा पुढचा प्रश्न टाकला, तर वर्ग बहुधा गप्प बसतो. खनिजांची नावे कधी माणसांवरून पडतात, कधी रंगावरून, कधी गुणधर्मांवरून. बॉक्साइटचे नाव मात्र एका खेड्यावरून पडले आहे.

फ्रान्सच्या दक्षिण भागात प्रोव्हान्स नावाचा प्रदेश आहे. तेथे एका उघड्याबोडक्या कड्यावर 'ले बो' हे गाव वसले आहे. रोमन लिपीत या नावाच्या शेवटी 'क्स'चे अक्षर लिहिले जाते, पण फ्रेंच उच्चारात ते गळते. खनिजाला या गावाचे नाव देताना पुढे 'आइट' हा प्रत्यय जोडला गेला, तेव्हा ते मुके अक्षर बोलू लागले आणि 'बो'चे 'बॉक्साइट' झाले.

नावापुरताच संबंध असता, तर ही गोष्ट सामान्यज्ञानाच्या एका प्रश्नात संपली असती. पण या एका गावाच्या हद्दीत तीन निरनिराळे खडक आहेत आणि ते पृथ्वीच्या तीन निरनिराळ्या काळांतले आहेत. गावाचा इतिहास, तेथील माणसांची पोट भरण्याची साधने आणि आजचा त्याचा वारसा, हे सारे त्या खडकांतून निघाले आहे. भूगोल, इतिहास आणि रसायनशास्त्र हे तीन विषय वेगवेगळ्या तासांना शिकवावे लागतात. ले बोमध्ये ते वेगळे करता येत नाहीत.

कड्यावरची वस्ती

आर्ल हे ऱ्होन नदीकाठचे जुने रोमन शहर. त्याच्या ईशान्येस सुमारे पंधरा किलोमीटरवर आल्पीय नावाची छोटी डोंगररांग आहे. नाव आल्प्सची आठवण करून देणारे असले, तरी उंची बेताची. तिचे सर्वोच्च टोकही ५०० मीटरला पोचत नाही. पण सभोवतालचे मैदान इतके सपाट आहे की पांढऱ्या चुनखडकाची ही रांग दुरूनही नजरेत भरते. रांगेच्या दक्षिण अंगाला, सुमारे ९०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद अशा एका सुट्या पठारावर ले बो आहे. पठाराच्या बहुतेक बाजू ताशीव कड्यांच्या आहेत. प्रोव्हान्सच्या जुन्या बोलीत 'बाऊ' म्हणजे कडा. गावाचे नाव त्यावरूनच आले आहे.

संरक्षणाच्या दृष्टीने ही जागा उत्तम, पण एका गोष्टीची वानवा होती, ती म्हणजे पाण्याची. येथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बराचसा शरद ऋतूत. उन्हाळा कोरडा जातो. उत्तरेकडून 'मिस्त्राल' नावाचा थंड, कोरडा वारा वाहतो आणि जमिनीतली उरलीसुरली ओल घेऊन जातो. शिवाय चुनखडक सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने पडलेले पाणी वर टिकत नाही. यावर गावकऱ्यांनी काढलेला उपाय आपल्याला परका वाटणार नाही. पठाराचा एक उतरता भाग फरसबंद करून त्यावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या टाक्यात उतरवला आहे. सह्याद्रीतील गडांवरची टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही योजना समजावून सांगावी लागत नाही.

ज्या खडकात हे टाके कोरले, तो कापायला मऊ असतो आणि हवेत राहिल्यावर कठीण होतो. तो समुद्रात तयार झाला. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी हा भाग उथळ समुद्राखाली होता आणि त्याच्या तळाशी वाळू व शिंपल्यांचा चुरा साचत होता. त्याचाच हा दगड. मऊ असल्याने माणसांनी त्यात खोल्या, जिने, कबुतरखाने कोरले. बाराव्या शतकातील सेंट व्हिन्सेंटचे चर्चही अर्धे बांधलेले आणि अर्धे खडकात खोदलेले आहे.

गढी उभी राहिली आणि पाडली गेली

दहाव्या शतकाच्या सुमारास येथे 'बो' घराण्याची सत्ता सुरू झाली. येशूच्या जन्मावेळी ताऱ्याच्या मागोमाग आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी बाल्थाझार हा आपला पूर्वज, असे हे सरदार सांगत. त्यामुळे त्यांच्या ढालीवर सोळा किरणांचा तारा असे. या दाव्याला पुरावा अर्थातच नव्हता, पण तलवारीचा आधार भक्कम होता. त्यांच्या ताब्यात प्रोव्हान्समधील ७९ ठिकाणे होती, असे सांगितले जाते. प्रोव्हान्सच्या गादीसाठी बाराव्या शतकात त्यांनी बार्सिलोनाच्या घराण्याशी दीर्घ लढाया केल्या आणि त्या ते हरले. १४२६ साली आलिक्स ही घराण्याची शेवटची वारस मरण पावली. पुढे १४८१ मध्ये प्रोव्हान्स फ्रेंच राजाकडे गेला.

मध्यवर्ती सत्तेला अशा गढ्या नेहमीच खुपतात. अकराव्या लुईने १४८३ मध्ये किल्ला मोडायला लावला. सोळाव्या शतकात गाव पुन्हा सावरले आणि सुंदर घरे उभी राहिली. धर्मयुद्धांच्या काळात येथे प्रॉटेस्टंटांचे वर्चस्व होते. पुढे गावाने राजाविरुद्धच्या बंडात उडी घेतली, तेव्हा कार्डिनल रिशेल्यूच्या सैन्याने वेढा घातला आणि १६३२-३३ मध्ये किल्ला व तट सुरुंगांनी उडवण्यात आले. आज दिसतात ते त्यानंतरचे अवशेष. १६४२ मध्ये तेराव्या लुईने हे गाव मोनॅकोच्या ग्रिमाल्डी घराण्याला बहाल केले. त्या घराण्याची सत्ता येथून केव्हाच गेली, तरी मोनॅकोच्या युवराजाला आजही 'ले बोचा मार्क्विस' हा किताब दिला जातो.

किल्ला गेला, सरदार गेले, आणि गाव ओस पडत गेले. मेंढ्या, ऑलिव्हची झाडे आणि दगडाच्या खाणी एवढ्यावर काही कुटुंबे टिकून राहिली. गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांतूनही पुसले जाण्याच्या बेतात असताना ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात शिरले.

लोखंड शोधताना

पिएर बेर्तिए हे पॅरिसच्या खाणकाम विद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ. ले बोच्या परिसरात सापडणारा लालसर, मातकट दगड त्यांच्याकडे तपासणीसाठी आला. लाल रंगावरून अंदाज होता लोखंडाचा. १८२१ मध्ये बेर्तिए यांनी त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात लोहाचे ऑक्साइड पाव भागाहून थोडेच जास्त निघाले. सुमारे पाचवा भाग पाणी होते, आणि निम्म्याहून अधिक भाग होता ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनिअमचे ऑक्साइड.

लोखंड काढण्यासाठी हा दगड निरुपयोगी ठरला. आणि ॲल्युमिनिअम? तो धातू तोवर कोणी पाहिलाच नव्हता. तुरटीत एखादा अज्ञात धातू असावा, असा तर्क होता, पण तो प्रथम वेगळा केला डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी, १८२५ मध्ये. म्हणजे धातुकाचे विश्लेषण आधी झाले आणि धातू चार वर्षांनी हाती आला. आपल्या नोंदीचा पुढे काय उपयोग होईल, याची कल्पना १८२१ मध्ये कोणाला असणे शक्यच नव्हते. तरीही बेर्तिए यांनी दगडात जे होते ते नेमके मोजून लिहून ठेवले. विज्ञानात 'निरुपयोगी' उत्तरही काळजीपूर्वक का नोंदवावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पुढे आँरी सेंत-क्लेअर देव्हिल यांनी १८५४ मध्ये सोडिअमच्या साहाय्याने बऱ्यापैकी शुद्ध ॲल्युमिनिअम मिळवले. १८६१ मध्ये त्यांनी या धातुकासाठी 'बॉक्साइट' हे नाव वापरले आणि तेच रूढ झाले. ले बोच्या वायव्येस सत्तर किलोमीटरच्या आसपास असलेल्या सालँद्र येथे १८६० मध्ये ॲल्युमिनिअमचा कारखाना सुरू झाला. पण सोडिअम महाग, त्यामुळे धातूही महाग. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर ॲल्युमिनिअमची टोपी बसवली, तिचे वजन तीन किलोपेक्षाही कमी होते. तरी तो मौल्यवान धातूचा मान समजला गेला.

चित्र पालटले ते पुढच्या चार वर्षांत. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू यांनी, एकमेकांना न ओळखता, एकच युक्ती शोधली : वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. दोघांचेही जन्मसाल १८६३ आणि मृत्यूचे साल १९१४. पाठोपाठ कार्ल योझेफ बायर यांनी बॉक्साइटमधून शुद्ध ॲल्युमिना वेगळा करण्याची रीत शोधली. बॉक्साइट तापलेल्या कॉस्टिक सोड्यात घातले की ॲल्युमिना विरघळतो आणि लोहाचे ऑक्साइड तळाशी राहते. ले बोपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या गार्दान येथे १८९३-९४ च्या सुमारास या रीतीचा मोठा कारखाना उभा राहिला. प्रोव्हान्सचा लाल दगड आता सोन्यासारखा झाला. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात अशाच खाणींजवळ जे गाव वसले, त्याचे नावच 'बॉक्साइट' ठेवले गेले. गावाचे नाव खनिजाला मिळाले होते, ते खनिजाकडून पुन्हा एका गावाला मिळाले.

हा दगड तयार कसा होतो?

बॉक्साइट ज्वालामुखीतून बाहेर पडत नाही आणि समुद्रतळाशी साचून तयार होत नाही. ते असते उरलेले. खडकातले बाकी सारे वाहून गेल्यावर जे मागे राहते, ते बॉक्साइट.

पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकात मुरू लागले की सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम ही मूलद्रव्ये लवकर विरघळून जातात. पाऊस भरपूर आणि हवा उष्ण असेल, तर सिलिकासुद्धा हळूहळू विरघळतो. लोह आणि ॲल्युमिनिअम यांची हायड्रॉक्साइडे मात्र अशा पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती जागेवरच राहतात. लोहाचे प्रमाण अधिक असेल तर जांभा, ॲल्युमिनिअमचे अधिक असेल तर बॉक्साइट. म्हणूनच हे दोन्ही खडक बहुधा शेजारी-शेजारी आढळतात.

यासाठी चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. उष्णता हवी, म्हणजे रासायनिक क्रिया जलद होतात. पाऊस भरपूर हवा. मुरलेल्या पाण्याचा निचरा व्हायला हवा, कारण साचलेले पाणी विरघळलेला सिलिका घेऊन जात नाही. आणि जमीन सपाट किंवा खोलगट हवी, नाहीतर उरलेला मालही उतारावरून वाहून जाईल. याशिवाय लागतो तो वेळ, आणि तो लाखो वर्षांत मोजावा लागतो.

आता आजच्या ले बोकडे पाहा. पाऊस ६०० मिलिमीटर, कोरडा उन्हाळा, थंड वारे. यांतली पहिल्या दोन अटींना पुरणारी एकही गोष्ट नाही. तरीही गावाच्या पायथ्याशी बॉक्साइट आहे. याचा अर्थ एकच : ते तयार झाले तेव्हा येथील हवामान वेगळे होते. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडात, समुद्रतळाचा चुनखडक वर उचलला जाऊन येथे जमीन तयार झाली होती. पृथ्वी तेव्हा आजच्यापेक्षा पुष्कळ उष्ण होती आणि प्रोव्हान्समध्ये उष्ण कटिबंधासारखा पाऊस पडत होता. चुनखडकात पाण्याने विवरे आणि खळगे पाडले व त्यांत लाल माती साठून तिचे बॉक्साइट झाले. पुढे त्यावर इतर थर बसल्याने ते झाकले गेले आणि टिकले. पिरेनीज व आल्प्स पर्वत उभे राहताना थर दुमडले गेले आणि त्यांच्या कडा उघड्या पडल्या. त्यानंतर पुन्हा समुद्र आला आणि किल्ल्याखालचा तो मऊ दगड देऊन गेला.

जुन्या समुद्राचा चुनखडक, उष्ण जमिनीवरचे लाल बॉक्साइट आणि नव्या समुद्राचा मऊ दगड, असे हे तीन काळ. भूशास्त्रज्ञाला बॉक्साइट दिसले की तो जुने हवामान वाचू लागतो, ते याच कारणाने.

यात एक कोडे आहे, ते विद्यार्थ्यांकडून गणित म्हणून सोडवून घ्यावे. चुनखडक जवळजवळ सगळा कॅल्शिअम कार्बोनेटचा असतो. समजा, त्यात अशुद्धी म्हणून अर्धा टक्का ॲल्युमिना आहे. बॉक्साइटमध्ये ५० टक्के ॲल्युमिना धरला, तर एक मीटर जाडीच्या बॉक्साइटसाठी किती चुनखडक विरघळावा लागेल? ढोबळ हिशेबाने १०० मीटर. मग हे सारे बॉक्साइट खालच्या चुनखडकातूनच आले, की शेजारच्या जुन्या डोंगरांची झीज होऊन आलेली माती या खळग्यांत साचली? भूशास्त्रज्ञांनी दोन्ही बाजू मांडल्या आहेत. हिशेब करून पाहिला की वाद कशाचा आहे, ते मुलांना आपोआप कळते.

आपल्याकडचे बॉक्साइट

महाराष्ट्रातील बॉक्साइट चुनखडकावर नसून बेसाल्टवर तयार झाले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा खडक. त्याच्या माथ्यावर पावसाने तेच काम केले. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांत आणि कोकणातही जांभ्याच्या सड्यांमध्ये बॉक्साइटचे साठे आहेत.

येथेही एक हिशेब करता येतो. १०० ग्रॅम बेसाल्टमध्ये सुमारे १५ ग्रॅम ॲल्युमिना आणि ५० ग्रॅमच्या आसपास सिलिका असतो. ॲल्युमिना मुळीच वाया गेला नाही असे मानले, तर तोच १५ ग्रॅम ५० टक्के होण्यासाठी एकूण वजन ३० ग्रॅमवर यायला हवे. म्हणजे ७० ग्रॅम खडक पाण्याबरोबर निघून गेला. नव्याने शिरलेले पाणी हिशेबात धरले, तर त्याहूनही अधिक. वर्गात याचे छोटे प्रात्यक्षिक करता येते. विटेची बारीक पूड १० ग्रॅम आणि मीठ ४० ग्रॅम एकत्र करा. गाळणकागदावर मिश्रण ठेवून थोडे थोडे पाणी ओतत राहा. मधूनमधून थांबून उरलेला गाळ वाळवा आणि वजन करा. विटेची पूड वाढत नाही, पण मिश्रणातले तिचे शेकडा प्रमाण मात्र २० वरून वर चढत जाते. 'समृद्धी' म्हणजे काही वेळा भर पडणे नसते, दुसरे काही निघून जाणे असते, हे यातून स्पष्ट होते.

लाल चिखल

बॉक्साइटपासून धातू मिळवण्याची किंमतही मुलांना सांगायला हवी. एक टन ॲल्युमिनिअमसाठी साधारण चार टन बॉक्साइट, त्यातून निघणारा दोन टन ॲल्युमिना आणि सुमारे चौदा हजार युनिट वीज लागते. जुने ॲल्युमिनिअम वितळवून पुन्हा वापरले, तर याच्या अवघी पाच टक्के ऊर्जा पुरते. भंगारवाला ॲल्युमिनिअमची भांडी आणि डबे वेगळे का काढतो, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

बायरच्या रीतीत उरतो तो लाल चिखल : लोहाचे ऑक्साइड, वाळू आणि कॉस्टिक सोड्याचा अंश. एक टन ॲल्युमिनामागे तो एक ते दीड टन निघतो. गार्दानच्या कारखान्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा चिखल नळाने भूमध्य समुद्रात, कासी बंदराजवळच्या एका खोल दरीत सोडायला सुरुवात केली. मच्छीमारांचा विरोध होता. कारखान्यातील कामगारांना नोकऱ्यांची चिंता होती. २०१२ मध्ये तेथील किनारा राष्ट्रीय उद्यान झाला. घन चिखल सोडणे २०१५ च्या अखेरीस थांबले. तोवर लक्षावधी टन चिखल तळाशी जाऊन बसला होता. प्रोव्हान्समधील खाणी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बंद झाल्या आणि पुढे कारखान्याला बॉक्साइट आफ्रिकेतील गिनीमधून येऊ लागले.

वारसा कशाला म्हणायचे?

आज ले बोची वस्ती साडेतीनशेच्या आसपास आहे. कड्यावरच्या जुन्या भागात तर मोजकीच माणसे कायम राहतात. पण वर्षाला दहा लाखांहून अधिक पर्यटक येतात. किल्ल्याचे अवशेष, दगडफेकीच्या मध्ययुगीन यंत्रांच्या पूर्णाकृती प्रतिकृती आणि नाताळच्या मध्यरात्री मेंढपाळांनी चर्चमध्ये कोकरू अर्पण करण्याची प्रथा, हे सारे पाहायला लोक येतात. १९३५ मध्ये बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत २०१२ पासून तिच्या उंच पांढऱ्या भिंतींवर चित्रांचे प्रकाशखेळ दाखवले जातात. पायथ्याच्या दरीतील ऑलिव्ह तेलाला १९९७ मध्ये गावाच्या नावाचे अधिकृत मानांकन मिळाले. ज्या पडक्या भिंती रिशेल्यूने शिक्षा म्हणून मागे ठेवल्या, त्यांवर गाव जगते आहे.

मात्र पायथ्याशी असलेल्या तांबड्या खड्ड्यांकडे फारसे कोणी वळत नाही. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गावाचे नाव नेले ते त्या मातीने, तरी वारशाच्या यादीत तिचा क्रमांक शेवटचा. किल्ला सातशे वर्षांत उभा राहून पडला. त्या मातीला तयार व्हायला लाखो वर्षे लागली, आणि ती खणून संपायला शंभर-सव्वाशे वर्षे पुरली.

हाच प्रश्न आपल्या सड्यांपुढे आहे. पावसाळ्यात सीतेची आसवे आणि दवबिंदूसारख्या वनस्पतींनी फुलणारा जांभ्याचा सडा बाकीचे आठ महिने उजाड दिसतो, म्हणून कागदोपत्री तो 'पडीक' ठरतो. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. पण त्याच जातीच्या इतर सड्यांखाली बॉक्साइट आहे, आणि ॲल्युमिनिअम तर आपल्या सर्वांनाच हवे आहे. तारा, खिडक्या, भांडी, औषधाच्या गोळ्यांची वेष्टने यांतले काहीच आपण सोडणार नाही. तेव्हा 'खाण हवी की नको' एवढ्यावर चर्चा थांबवू नये. कोणता सडा ठेवायचा, कोणता खणायचा, खणल्यावर चिखल कुठे टाकायचा, आणि भंगार किती परत वापरायचे, हे चारही प्रश्न वर्गात मांडावेत. शाळा सड्याजवळ असेल तर सहल तेथेच न्यावी. मुलांनी जांभ्याचा एक तुकडा आणि काळ्या बेसाल्टचा एक तुकडा हातात घ्यावा, आणि पहिल्यातून काय काय निघून गेले असेल, त्याची यादी करावी.